पाच वर्षांनी बाद होणारं सर्टिफिकेट

पाचपैकी चार तारे देते. पाचवा का कापला ते पुढे येईलच, आणि ते वाचून काही जणी म्हणतील की अजून एक कापायला हवा होता.

विषय आहे सीडब्ल्यूसीएन, म्हणजे जखमांच्या देखभालीतलं नर्सचं सर्टिफिकेट. अमेरिकेतलं डब्ल्यूओसीएनसीबी नावाचं बोर्ड ते देतं. जखमा, स्टोमा (म्हणजे ऑपरेशन करून पोटावर काढलेली शौच-लघवीची वाट) आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटणं अशा तीन मुख्य विषयांत हे बोर्ड नर्सना तपासतं. तिन्ही घेता येतात, सुटे सुटेही घेता येतात. मी फक्त जखमांचं घेतलं. तेव्हा टेक्सासात नोकरीला होते. आता सासरी, देवगड तालुक्यात असते. इथल्या एका लहानशा हॉस्पिटलात ड्रेसिंगचं सगळं माझ्याकडे आहे, आणि या सर्टिफिकेटचं पहिलं रिन्युअल नुकतंच पार पडलं. परीक्षा पास कशी व्हायची यावर व्हिडिओ ढिगाने सापडतात. पण अर्ज कोण करू शकतं आणि मिळाल्यावर ते टिकवायचं कसं, यावर मराठीत काही वाचल्याचं मला आठवत नाही. शिवाय आमच्या वॉर्डातल्या आणि आसपासच्या पोरी सारख्या विचारतात, "मॅडम, आम्ही करू काय?" एकेकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा हे एकदाच लिहून टाकते.

आधी पात्रता. रजिस्टर्ड नर्स म्हणून नोंदणी चालू हवी, कुठलीही कारवाई किंवा अट नसलेली. पदवी हवी, निदान बी.एस्सी. नोंदणीनंतर किमान वर्षभर नर्स म्हणून काम केलेलं हवं. पुढे दोन वाटा फुटतात. पहिली वाट शाळेची: डब्ल्यूओसीएन सोसायटी या, याच विषयांतल्या नर्सच्या संघटनेची मान्यता असलेला कोर्स पुरा करायचा आणि त्यानंतर 5 वर्षांच्या आत परीक्षेला बसायचं. दुसरी वाट अनुभवाची: गेल्या 5 वर्षांत त्याच विषयाचं 50 तासांचं शिक्षण, पदवी झाल्यानंतर घेतलेलं, आणि त्याच 5 वर्षांत 1500 तास प्रत्यक्ष पेशंटचं काम. या 1500 मधले 375 तास अर्जाच्या आधीच्या एका वर्षातलेच हवेत.

मी दुसऱ्या वाटेने गेले. 1500 आकडा ऐकून पोरींचे डोळे फिरतात, म्हणून हिशेब करून दाखवते. रोज तासभर ड्रेसिंगचा राउंड, आठवड्याला 6 दिवस, की रजा वजा जाता वर्षाचे 300 तास होतात आणि 5 वर्षांत बरोबर 1500. जिल्ह्यातल्या कुठल्याही सर्जिकल वॉर्डातली सिस्टर याहून जास्तच हात घालत असेल. शेवटच्या वर्षाला मात्र आठवड्याला सव्वासात तास लागतात, म्हणजे थोडं जास्त. इथेच बोर्डाचं डोकं दिसतं. चार वर्षांपूर्वी भरपूर जखमा बघितल्या, मग सुपरवायझर होऊन टेबलामागे बसले, आणि आता जुन्या पुण्याईवर अर्ज करते, असं इथे चालत नाही. यंदा हात चालला का, हा प्रश्न आधी. मला या सबंध नियमावलीतलं सगळ्यात आवडलेलं कलम हेच.

कारण आपल्याकडचा नमुना मी बघितलाय. एका शहरात, हॉटेलच्या हॉलमध्ये, एका दिवसाचं जखमांवरचं वर्कशॉप होतं. सकाळी नाव नोंदवलं, दुपारी जेवण चांगलं होतं, आणि चहाच्या आधी सगळ्यांना सोनेरी कडेचं सर्टिफिकेट. त्यावर तारीख होती, पण मुदत नव्हती. माझ्या शेजारी बसलेल्या सिस्टरने हॉलबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून ते लगेच लॅमिनेट करून घेतलं. तिला मी नावं ठेवत नाही, कारण व्याख्यान देणाऱ्यांनीच दिवसभरात एकदाही खरी जखम दाखवली नाही. स्लाइडवर एकामागून एक कंपनीची ड्रेसिंग येत होती आणि शेवटी त्याच कंपनीची पिशवी हातात. असा कागद भिंतीवर आयुष्यभर राहतो, आणि पुढच्या चाळीस वर्षांत जखमांबद्दल काय काय बदललं याच्याशी त्याचा काही संबंध राहत नाही.

आणि बदलतं. 2016 मध्ये अमेरिकेतल्या सल्लागार मंडळाने बेडसोअरचं वर्गीकरण नव्याने मांडलं. प्रेशर अल्सरऐवजी प्रेशर इंज्युरी म्हणायचं ठरलं, कारण पहिल्या टप्प्यात कातडी फुटलेलीच नसते, मग व्रण कसला? टप्प्यांचे रोमन आकडे जाऊन साधे 1, 2, 3, 4 आले. पहिला टप्पा म्हणजे दाबल्यावर न उजळणारी लाली. आता ही लाली आमच्या लोकांच्या सावळ्या कातडीवर दिसणार कशी? याचं उत्तर मला या परीक्षेच्या अभ्यासात मिळालं: लाली शोधत बसू नका, बोटांच्या मागच्या बाजूने आजूबाजूच्या कातडीशी तुलना करा, गरम आहे की गार, कडक आहे की भसभशीत, आणि पेशंटला तिथे दुखतंय का विचारा. गोऱ्या कातडीच्या फोटोंवर वाढलेल्या पुस्तकांमधून हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.

परीक्षेचं थोडक्यात. संगणकावर, केंद्रात जाऊन. 120 प्रश्न, त्यातले 110 गुणांत धरतात, बाकी 10 पुढच्या परीक्षांसाठी चाचपणीचे असतात आणि ते कोणते हे कळत नाही. वेळ 2 तास. प्रश्न पाठांतराचे फार नाहीत, प्रसंग देतात. माझी फी 395 डॉलर होती, तेव्हाच्या भावाने तीस हजारांच्या आसपास. अर्ज करायच्या दिवशी बोर्डाच्या साइटवर आकडा बघून घ्या.

आता या अभ्यासाचा इथे उपयोग होतो का? हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, तेव्हा याला जरा वेळ देते.

आमच्याकडे दर मोसमात माडावरून पडलेला एखादा माणूस येतो. कंबरेखाली लुळा. मणक्याचं जे व्हायचं ते कोल्हापूरला नाहीतर गोव्याला होतं, आणि मग घरी. दोन-तीन महिन्यांनी तोच माणूस माकडहाडावरची जखम घेऊन आमच्या दारात. गेल्या वर्षी असाच एक आला. बाहेरून बघाल तर तोंड रुपयाएवढं. बायको रोज न चुकता पट्टी करायची, आणि खूश होती. म्हणाली, "सिस्टर, वरसून भरान इला हा, आता पट्टी बंद करूया मां?"

निर्जंतुक कापसाची काडी घेतली, ओली केली, तोंडातून आत सरकवली आणि हळूच कडेकडेने फिरवली. पेशंटचं डोकं म्हणजे बारा वाजले, पाय म्हणजे सहा, असं घड्याळ मनात धरायचं. दोन वाजल्यापासून पाच वाजेपर्यंत काडी कातडीखाली सरळ आत गेली. कातडीच्या कडेशी काडीला चिमटीत धरलं, बाहेर काढून पट्टीवर मोजलं: 4 सेंटीमीटर. वरून रुपया आणि आतून गुहा. वरचं तोंड मिटलं असतं तर पू आत साठून हाडापर्यंत गेला असता. बायकोला ती काडी दाखवली तेव्हा तिला कळलं. तोवर माझं बोलणं तिला उगीच वाटत होतं. मग पोकळी सैल भरायची, कोंबायची नाही, हे तिच्याकडून करून घेतलं. परीक्षेत नेमके असेच प्रश्न येतात, घड्याळाची भाषाही हीच. कागदावर उत्तर देताना जे घोटून बसतं ते रात्री आठ वाजता, लाइट गेलेली असताना, टॉर्चवरसुद्धा हात आपोआप करतो.

त्याच माणसाच्या खाली रबरी हवेची रिंग होती. मेडिकलवाल्याने दिलेली, मधे भोक असलेली, चांगली पाचशे-सहाशेची. घरच्यांना वाटतं जखम भोकात अधांतरी राहिली की दाब नाही. प्रत्यक्षात रिंगच्या कडेवर दाब येतो, मधल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि जखम वाढते. या रिंगा वापरू नयेत हे मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे आणि परीक्षेच्या तयारीत वारंवार येतं. आमच्या बाजारपेठेत मात्र त्या अजून शोकेसमध्ये पुढे ठेवलेल्या असतात. मी दुकानदाराला समजावलं. तो म्हणाला, "डॉक्टरच लिहून देतात मॅडम." त्यावर काय बोलणार?

दुसरा फायदा पायांचा. मासेमारी करणारे, चिऱ्याच्या खाणीवरचे, भातलावणीत दिवसभर चिखलात उभे असणारे, यांच्यात डायबेटिस आता घरटी झालाय. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी भिजून फाटते, आणि पायाला संवेदना नसेल तर माणूस तसाच फिरतो. 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणजे एक नायलॉनचा तंतू. तळव्यावर टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा, आणि डोळे मिटलेल्या माणसाने कळलं का ते सांगायचं. एका तांडेलाला सहा जागी टेकवला, एकाही जागी कळलं नाही. तो डोळे मिटूनच विचारतो, "सुरू केलास काय?" त्याच्या टाचेत पाकटाचा काटा मोडून राहिलेला होता, आणि त्याला वाटत होतं बूट चावतोय.

पायाला कम्प्रेशनची, म्हणजे दाब देणारी घट्ट पट्टी बांधायच्या आधी धमनीचा रक्तपुरवठा तपासायचा असतो. घोट्याचं प्रेशर भागिले दंडाचं प्रेशर. 0.9 च्या खाली गेलं तर शंका घ्यायची, 0.8 च्या खाली पूर्ण ताकदीची पट्टी बांधायची नाही, आणि 1.3-1.4 च्या वर गेलं तर हुरळायचं नाही, कारण डायबेटिसमध्ये धमनी कडक होऊन दबतच नाही. परीक्षेत यावर हमखास प्रश्न असतात. आमच्याकडे डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकायचं यंत्र, होता, पण तो बाळाचे ठोके ऐकायचा. पायाच्या धमनीला साधारण 8 मेगाहर्ट्झचा प्रोब लागतो. तो मागवण्यासाठी मी ट्रस्टींपुढे अर्ज टाकला, आणि अर्जात नावापुढे सीडब्ल्यूसीएन लिहिलं. या अक्षरांचा हॉस्पिटलात मिळालेला एवढाच रोकडा फायदा. प्रोब आला. पगार आहे तिथेच आहे.

तोट्याची बाजूही सांगते. अभ्यासातलं जग आमचं नाही. त्यातल्या पेशंटला फोमचं ड्रेसिंग लावलं की ते 3 दिवस राहतं. इथे जुलैत सकाळी चिकटवलेली टेप संध्याकाळी घामाने लोंबत असते. तिथली गादी विजेवर आळीपाळीने फुगते; इथे वाऱ्या-पावसात वीज दोन दिवस नसली तरी कुणी तक्रार करत नाही. फुरसं चावल्यावर पाय सुजून, फोड येऊन, मांस काळं पडून जी जखम होते तिच्याबद्दल एक ओळ नाही. काजू सोलणाऱ्या बायकांच्या बोटांवर टरफलातल्या तेलाने जे भाजतं त्याबद्दल नाही. कुष्ठरोगाच्या पायाबद्दल तर फारच थोडं, आणि गंमत म्हणजे बधिर पायाच्या जखमेला प्लास्टरमध्ये घालून दाब वाटून द्यायची पद्धत वाढली ती वेल्लोरला, डॉ. पॉल ब्रँड यांच्या कुष्ठरोग्यांवरच्या कामातून. तिथून ती अमेरिकेत गेली. आज तेच अमेरिकन पुस्तक आपल्याला टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणून शिकवतं.

हळद-चुन्याबद्दल मला दर आठवड्याला बोलावं लागतं. एक आजी आली होती: "हळद लावलंय, चुनो लावलंय, दगडी पालो लावलंय, तरी सुकणा नाय." तिचा सगळा भर सुकवण्यावर, आणि नुसता तिचा कशाला, आमच्या एका डॉक्टरांचाही. जॉर्ज विंटरने 1962 मध्ये डुकरांच्या जखमांवर दाखवून दिलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने येते. साठ वर्षं उलटली. आमच्या ट्रेमध्ये अजून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली असते आणि फेस आला की नातेवाइकांना समाधान वाटतं. ती बाटली मी रोज मागच्या रांगेत सरकवते, रोज कुणीतरी पुढे आणतं.

आता कापलेला तारा. तो पदवीच्या अटीसाठी.

आमच्या जिल्ह्यात जखमांना हात लावतं कोण? जीएनएम, म्हणजे पदवी नव्हे तर नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या सिस्टर्स. उपकेंद्रांत एएनएम, म्हणजे त्याहून छोटा कोर्स केलेल्या. बी.एस्सी. झालेली मुलगी बहुधा मुंबई-पुण्याला जाते, तिथून आखाती देशांत नाहीतर आयर्लंडला. आमच्या इन्चार्ज सिस्टर जीएनएम आहेत. जखमेच्या वासावरून स्युडोमोनास हा जंतू ओळखतात, आणि लॅबचा रिपोर्ट त्यांच्या मागून येतो. त्यांनी पाच काय, पंधरा हजार तास भरले असतील. त्या या परीक्षेला बसू शकत नाहीत. बसायचं तर आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करायचं, घर आणि नाईट ड्युटी सांभाळून, पंचेचाळिशीत. नुसती पदवी बघणं म्हणजे पेटीवरचं देवगड हे लेबल बघून आतला आंबा ठरवण्यासारखं आहे, आणि लेबलांचं काय होतं ते आम्हाला इथे चांगलं ठाऊक आहे. बोर्डाची बाजू मला कळते. कुठेतरी रेघ ओढावी लागते, आणि कागदपत्रांत पदवी तपासायला सोपी. तरीही जे बोर्ड 375 तासांचं एवढं शहाणं कलम लिहितं, त्याला तासांवरच जास्त विसंबता आलं असतं.

यातूनच एक फसवणूक चालते, तिचं नाव घेत नाही. परीक्षेची तयारी करून देणारे ऑनलाइन क्लासवाले आहेत. आमच्या ओळखीच्या एका जीएनएम मुलीने फोन केला तर तिला सांगितलं, "अमेरिकन सर्टिफिकेट आहे, कुणालाही देता येतं." तिने फी भरली, महिनाभर लेक्चर ऐकली, आणि अर्ज भरायला बसली तेव्हा पदवीचा रकाना आला. क्लासवाले म्हणाले, "आम्ही फक्त शिकवतो, पात्रता तुमची तुम्ही बघायची." पैसे परत नाहीत. म्हणून कुणालाही पैसे द्यायच्या आधी बोर्डाच्या साइटवरची उमेदवारांची पुस्तिका वाचा. फुकट असते आणि साध्या इंग्रजीत असते. त्याच मुलीला आणखी एक सांगितलं गेलं होतं की हे केलं की एनसीलेक्स, म्हणजे अमेरिकेतल्या नर्सच्या लायसन्सची परीक्षा, द्यावी लागत नाही. साफ खोटं. एनसीलेक्स लायसन्ससाठी, हे लायसन्सनंतर. एकाची जागा दुसरं घेत नाही.

पदवी नसणाऱ्यांसाठी दुसरी दारं आहेत. एनएडब्ल्यूसीओ ही अमेरिकेतलीच दुसरी संस्था डब्ल्यूसीसी हे जखमांचं सर्टिफिकेट देते. तिथे पदवीची अट नाही, लायसन्सधारक नर्सपासून फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टरांपर्यंत सगळे बसतात, प्रशिक्षण आणि अनुभव बघतात, आणि तेही दर 5 वर्षांनी नवं करावं लागतं. तिसरं अमेरिकन बोर्ड ऑफ वूंड मॅनेजमेंट. त्यांचं सीडब्ल्यूएस हे पदवी आणि 3 वर्षांच्या अनुभवावर, आणि त्याच्या खालच्या पायरीवर सीडब्ल्यूसीए. तिथे दरवर्षी थोडं शिक्षण दाखवायचं आणि दर 10 वर्षांनी परत परीक्षा. मला 10 वर्षं फार वाटतात, पण हे माझं मत. आणि अमेरिका नकोच असेल तर परळला टाटा मेमोरियलमध्ये एन्टेरोस्टोमल थेरपीचं शिक्षण मिळतं. त्यात स्टोमाच्या बरोबरीने जखमाही येतात, आणि मुख्य म्हणजे पेशंट आपल्यासारखे असतात. माझ्या दृष्टीने कोकणातल्या मुलीने पहिली चौकशी तिथे करावी.

रिन्युअलकडे येते, कारण पोरी याबद्दल विचारतच नाहीत आणि खरं काम तिथे आहे.

सीडब्ल्यूसीएन 5 वर्षं चालतं. मुदत संपली की नावापुढची अक्षरं काढायची. टिकवायचं तर एक तर परत परीक्षा द्या, नाहीतर पीजीपी नावाची फाइल भरा. या फाइलमध्ये 5 वर्षांत त्या विषयात आपण काय केलं त्याचे गुण जमवायचे असतात, एका विषयाला 80. नुसतं व्याख्यानं ऐकून नव्हे. शिकवलं, एखादा प्रकल्प राबवला, लेख लिहिला, संस्थेच्या कामात भाग घेतला, संशोधनात हातभार लावला, सगळ्याला गुण आहेत. मात्र प्रत्येक गोष्टीचा पुरावा हवा आणि त्यातून जखमांच्या कामात काय भर पडली ते सांगता आलं पाहिजे. नोंदणी अर्थातच तेव्हाही चालू हवी.

इथे बसून हे जमेल का याची मला धास्ती होती. जमलं, आणि बरंच इथल्याच कामातून. आरोग्यसेविकांसाठी मी डायबेटिक पायाचा वर्ग घेतला होता. त्याची उद्दिष्टं, वेळापत्रक आणि हजेरीपट माझ्याकडे होता. वॉर्डात ब्रेडन स्केल सुरू केलं, सहा मुद्दे, 6 ते 23 गुण, जितके कमी तितका बेडसोअरचा धोका, 18 किंवा खाली आला की सावध. तो मराठीत करून प्रत्येक खाटेच्या पायाशी अडकवला आणि आधीच्या-नंतरच्या नोंदी ठेवल्या. शिक्षणाचे तास रात्री ऑनलाइन केले. घरात रेंज येते ती फक्त मागच्या पडवीत, तेव्हा सासूबाई विचारायच्या, "गो, रात्रीची कोणाशी बोलतंस?" त्यांना मोबाइलवर कुजलेल्या टाचेचा फोटो दाखवला, त्यानंतर विचारलं नाही.

टेक्सासचं लायसन्स मी चालू ठेवलंय. ते दर 2 वर्षांनी नवं करावं लागतं आणि तेव्हा 20 तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, पण आपल्या कामाच्या विषयातलं मान्य राष्ट्रीय सर्टिफिकेट चालू असेल तर त्यावरही भागतं. म्हणजे एका कागदाने दुसरा कागद उभा राहतो. इकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही 5 वर्षांनी नवं करायचं असतं आणि त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना घेतलेल्या शिक्षणाचे, क्रेडिट लागतात. मी दोन्हीकडचे कागद एकाच डब्यात ठेवते, पावसात भिजू नयेत म्हणून पापडाच्या.

खर्चाचं तोंडावर सांगते. रिन्युअलचीही फी आहे, आणि ती डॉलरमध्येच. हॉस्पिटल देत नाही. इथल्या पगारात हे पैसे जाणवतात. परदेशात नोकरी असेल किंवा जायचं नक्की असेल तर डोळे झाकून घ्या, तिकडे जखमांच्या टीममध्ये घेताना ही अक्षरं विचारतात. इथेच राहायचं असेल तर कुणाला दाखवायला घेऊ नका, कारण बघणारं कुणी नाही. अभ्यासासाठी घ्यायचं तर घ्या. मी पुढच्या वेळी परत टिकवणार आहे, आणि बहुधा फाइल न भरता परीक्षाच देईन. अभ्यास केला की मागच्या पाच वर्षांत कुठे काय बदललं ते आपोआप कळतं.

ज्यांना करायचंच आहे त्यांनी दोन गोष्टी आजपासून कराव्यात. पहिली, एक वही. तारीख, जखमेचा प्रकार, आपण काय केलं, किती वेळ, आणि महिन्याच्या शेवटी इन्चार्जची सही. पेशंटचं नाव लिहायचं नाही, फक्त ओपीडी नंबर. पाच वर्षांनी तास आठवून लिहिता येत नाहीत, आणि सही करणारी सिस्टर तोवर रिटायर होऊन गावी गेलेली असते. दुसरी, बोर्डाला ईमेल. माझं रजिस्ट्रेशन महाराष्ट्राचं आहे, शिक्षण अमुक, काम अमुक, मी कोणत्या वाटेने पात्र ठरते आणि पदवीचं मूल्यमापन कुणाकडून करून घ्यायचं, असं स्पष्ट विचारा आणि आलेलं उत्तर प्रिंट काढून ठेवा. फोनवर विचारू नका. आणि क्लासवाल्याने मधेच सांगितलं की ईमेल आम्ही करतो, तर त्याला नको म्हणा.